नापास मालाची लाल पेटी

लिफ्ट बनवणाऱ्या एका प्रतिष्ठित कंपनीचे खरेदी अधिकारी ज्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहत होते, त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. लिफ्ट अर्थातच त्यांच्याच कंपनीची होती. बिघाड किरकोळ होता. ब्रेकमधली बोटाएवढी पोलादी पिन झिजली होती. मात्र त्याच सकाळी अधिकाऱ्यांच्या आई गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. जाताना त्या लिफ्टने उतरल्या आणि परत येईपर्यंत लिफ्टने मान टाकली. डॉक्टरांनी नुकतंच बजावलं होतं की जिना चढायचा नाही. त्यामुळे आई तळमजल्यावरच्या काकूंच्या बैठकीच्या खोलीत, एकदोन दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून, मुक्कामाला राहिल्या.

"पिनच हवी ना रे? तुमच्या कंपनीत पोत्यानं असतील," आई म्हणाल्या.

"आई, ती काय बाजारातून भाजी आणायची आहे का? केसाएवढा फरक चालत नाही तिला. पिन सैल असली की लिफ्ट मजल्यावर न थांबता मजल्याच्या आसपास थांबते. त्यासाठी विश्वासू पुरवठादार लागतो."

"मग आण की विश्वासू."

इथेच घोडं अडलं होतं. कंपनीला वर्षानुवर्षे पिना पुरवणारे म्हातारे कारागीर थकले आणि त्यांनी दुकान बंद केलं. ते चांगल्या पिना देत, यापलीकडे त्यांची निवड कशाच्या आधारे झाली होती हे कोणालाच सांगता येईना. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून मोठ्या साहेबांनी 'विश्वासार्हता निश्चिती समिती' नेमली आणि खरेदी अधिकाऱ्यांना तिचं अध्यक्ष केलं.

समितीने आधी विश्वासू म्हणजे कोण, याचा सर्वांगीण विचार केला. ज्याच्या हातून चूक होत नाही तो विश्वासू, असं एकमताने ठरलं. तेव्हा ज्याच्या कारखान्यात चुकीच्या खुणा कमीत कमी आढळतील, त्याला जास्तीत जास्त गुण. एका सदस्याने भीत भीत सुचवलं की नमुन्यादाखल एखादी पिन मागवून मोजून पाहावी. ही सूचना फेटाळण्यात आली. नमुना एकाच पिनेचा असतो आणि विश्वास सगळ्या पिनांवर ठेवायचा असतो, हे त्या सदस्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिली भेट एका बाईंच्या कारखान्याला होती. आत तेलाचा वास, यंत्रांची घरघर आणि पायाखाली लोखंडाचा चुरा. हातातलं काम पुरं होईपर्यंत बाईंनी समितीकडे वळूनही पाहिलं नाही. इथेच पाहुण्यांच्या स्वागताचे गुण गेले. मग अध्यक्षांची नजर कोपऱ्यातल्या एका कुलूपबंद लाल पेटीवर पडली.

"यात काय आहे?"

"नापास माल," बाई हात पुसत म्हणाल्या.

समिती सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्याकडून चुका होतात?"

"होतात की. हत्यार झिजतं, दुपारी यंत्र तापतं, माप हलतं. सापडलं की लाल रंग फासायचा आणि पेटीत टाकायचं. किल्ली माझ्याकडेच असते. यातली एक पिन बाहेर जात नाही."

गुन्ह्याची इतकी सरळ कबुली समितीने कधी ऐकली नव्हती. पेटी उघडायला लावून आत डोकावण्यात आलं. ती अर्धी भरलेली होती. अहवालात खेदपूर्वक नमूद झालं की या कारखान्यात चुका होतात, एवढंच नव्हे तर त्या जपून ठेवल्या जातात.

दुसऱ्या कारखान्यात शिरण्यापूर्वी बुटांवर पांढऱ्या पिशव्या चढवाव्या लागल्या. जमीन अशी लखलखीत की अध्यक्षांना स्वतःची हनुवटी खालून दिसली. यंत्रं काचेपलीकडे गप्प उभी होती. पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून ती बंद ठेवल्याचं संचालकांनी नम्रपणे सांगितलं. त्यांच्या सुटावर सुरकुती नव्हती.

"तुमची नापास मालाची पेटी कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नापास माल म्हणजे?" संचालकांनी इतक्या निरागसपणे विचारलं की अध्यक्षांना आपल्याच प्रश्नाची लाज वाटली.

लाल पेटी आढळली नाही. पैकीच्या पैकी गुण.

परतताना गाडीत अध्यक्षांच्या मनात पाल चुकचुकली. ज्यांच्याकडे काहीच नापास होत नाही, तिथे कोणी काही तपासत तरी असेल का? पण मोठे साहेब अहवालाची वाट पाहत होते आणि तळमजल्यावर आई पिनेची. त्यांनी ती शंका मुकाट्याने गिळली.

काही दिवसांनी पिना आल्या. प्रत्येक पिनेला मखमलीची गादी आणि सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. कंपनीच्या तपासनीसाने एक पिन मापाच्या कड्यात घालून पाहिली आणि तो सरळ अध्यक्षांकडे आला.

"साहेब, सैल आहे. डुगडुगते."

तातडीची बैठक बसली. मोठे साहेब गंभीर होते.

"पुरवठादार विश्वासू आहे, हे समितीने सिद्ध केलंय की नाही?"

"केलंय, साहेब."

"मग पिनेवर शंका घेता येणार नाही. उरलं काय?"

उरलं होतं मापाचं कडं. चौकशीत आढळलं की ते फार जुनं असून कोणत्याही समितीने निवडलेलं नव्हतं. ते तत्काळ बाद करण्यात आलं. नवं कडं विश्वासू पुरवठादाराकडूनच घेणं भाग होतं आणि मान्यताप्राप्त विश्वासू पुरवठादार एकच होता. नवं कडं मखमलीतच आलं. त्यात झाडून सगळ्या पिना पास झाल्या.

"साहेब, यात माझी पेन्सिलसुद्धा पास होतेय," तपासनीस म्हणाला. त्याला सकारात्मक तपासणीच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं.

कंपनीच्या भांडारातही एक लाल पेटी होती. आता तिचं काम संपलं होतं. तिला हिरवा रंग देऊन, माती भरून, मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर शोभेचं झाड लावण्यात आलं.

इकडे तळमजल्यावर आईंच्या औषधांनी काकूंचं टेबल व्यापलं होतं. काकू सुरुवातीला आग्रह करून चहा देत. हल्ली चहा झालाय एवढं सांगून आत जात. आईंना ते कळत होतं आणि त्या अवघडून खुर्चीच्या कडेवर बसत. 

"आई, पिन आली बरं का. उद्या बसवतायत."

"चांगली आहे ना?"

"प्रमाणपत्र आहे."

"ते नाही विचारलं. मी बसू का त्या लिफ्टमध्ये?"

हा प्रश्न बैठकीत आला असता तर अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला असता. इथे कागद चालणार नव्हता. दोन मजल्यांच्या मधोमध लटकलेली, कठडा घट्ट धरून बसलेली आई त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांना खरोखरच भीती वाटली.

"अजून एक दिवस थांब," ते कसेबसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते बाईंच्या कारखान्यात गेले.

"एक पिन हवी होती. खासगी."

"तुमच्या समितीनं आम्हाला नापास केलंय ना?" बाईंनी विचारलं.

"केलंय. पण ही माझ्या आईसाठी आहे."

बाई यंत्राकडे वळल्या. त्यांनी पिन केली, पुसली, मोजली, कपाळाला आठी घातली, तिला लाल रंग फासला आणि पेटीत टाकून दिली. पिन पेटीत पडल्याचा खणकन आवाज झाला. तो ऐकून अधिकाऱ्यांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा जिवात जीव आल्यासारखं वाटलं. दुसरी पिन बाईंनी त्यांच्या हातात ठेवली.

ती पिन गुपचूप बसवली गेली. आई लिफ्टने वर आल्या. लिफ्ट सहाव्या मजल्याला अशी थांबली की उंबरठ्यावरून कागदही अडखळला नसता.

"चांगला आहे हो तुमच्या कंपनीचा माल," आई म्हणाल्या.

"मग," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.

पुढच्याच महिन्यात समितीचा जाहीर सत्कार झाला. अध्यक्षांना शाल मिळाली. मखमलीतल्या पिना, एकही परत न येता, गावभरच्या इमारतींत बसवल्या गेल्या. लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबते अशा काही तक्रारी सुरुवातीला आल्या. कंपनीने त्यांची गंभीर दखल घेतली आणि प्रत्येक लिफ्टमध्ये मोठा आरसा बसवून दिला. त्यानंतर तक्रार आली नाही.

तुमच्या लिफ्टमध्येही असा आरसा आला असेल. घर घ्यायला आलात तेव्हा लिफ्टला आरसा आहे का, एवढं तुम्ही न विसरता विचारलं होतंत. उद्या त्यात भांग पाडून झाला की उतरताना तेवढं पायाखाली बघा. अधिकाऱ्यांनी एकच पिन मागितली होती आणि ती त्यांच्याकडे बसली आहे.