देवदरीची फक्की

"रंगनाथ, तू गिरणाऱ्याच्याच बाजूचा ना रे?"

सबनीस साहेबांनी केबिनमध्ये बोलावून एवढंच विचारलं, तरी रंगनाथने आधी दाराकडे बघून घेतलं. अंबडच्या त्या कारखान्यात तो कित्येक वर्षं स्टोअरला होता, आणि तितकीच वर्षं हंगामी होता. हंगामी माणसाला साहेबांनी हाक मारली की ती कामासाठी आहे की कामावरून काढण्यासाठी, हे पहिल्या वाक्यात कधी कळत नाही. त्यात रंगनाथ मुळातच भित्रा. कुत्र्याला भ्यायचा, पालीला भ्यायचा, सायकलवर असला तर चढापेक्षा उताराला जास्त भ्यायचा. "स्वतःच्या सावलीला दचकतील हे," असं त्याची बायको सविता माहेरच्या माणसांसमोर खुशाल सांगायची. तो ते हसण्यावारी न्यायचा, कारण सविताला उलटून बोलायचीही त्याला भीती वाटायची.

काम मात्र भलतंच निघालं. जर्मनीहून चार मोठी गिऱ्हाइकं आली होती आणि त्यांना नाशिकचे द्राक्षमळे सायकलवरून बघायचे होते. त्या काळात नाशकात द्राक्षं खाण्याऐवजी पिण्याचं खूळ नवीन होतं. वाटेत गिरणाऱ्याजवळच्या देवदरीचं पडकं हेमाडपंती देऊळ बघायचं आणि शेवटी डोंगरावरच्या वाइनच्या कारखान्यात जेवायचं, असा बेत होता. साहेब स्वतः गाडीने वर जाऊन थांबणार होते.

"तू आदल्या दिवशी जाऊन रस्त्यावर चुन्याच्या फक्कीचे बाण काढ. शर्यतीला काढतात ना, तसे. आणि त्या दिवशी सगळ्यांच्या मागून सायकलवर ये. पाहुणे खूश झाले, तर सोमवारी तुझ्या कायमच्या ऑर्डरवर सही करतो. आणि एक जरी हरवला, तर..."

साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. रंगनाथने ते घरी जाईपर्यंत मनातल्या मनात पन्नास तऱ्हांनी पुरं केलं, आणि प्रत्येक तऱ्हेत त्याची नोकरी गेली.

शुक्रवारी दुपारी तो फक्कीची गोणी घेऊन देवदरीला पोचला. भित्र्या माणसाचं काम नेहमी गरजेपेक्षा जास्त असतं. जिथे बाण हवा तिथे त्याने काढलाच, पण नको तिथेही काढला. वळणावर काढला, मोरीवर काढला, बांधाच्या दगडांवर काढला, द्राक्षबागेच्या कोपऱ्यावरच्या खांबालाही पांढरा पट्टा ओढला. बागांमधून माणसं काम करता करता त्याच्याकडे बघत होती. कोणी काही विचारलं नाही, याचं त्याला फार बरं वाटलं. खरं तर तिथेच त्याने घाबरायला हवं होतं, पण भित्र्या माणसाला नेमकं जिथे घाबरायचं तिथे घाबरता येत नाही.

शनिवारी सकाळी पाहुण्यांनी गिअरच्या सायकलींवर टांग मारली आणि पहिल्या चढावरच ते दिसेनासे झाले. रंगनाथच्या खाली त्याच्या वडिलांची जुनी सायकल होती. तिचा एकच ब्रेक लागायचा, तोही त्याच्या मर्जीने. प्रत्येक उतारावर रंगनाथ खाली उतरून सायकल हातात धरून चालायचा. "बाण आहेत की," तो स्वतःला समजावत होता. "बाण असताना माणूस हरवतो कसा?"

देवदरीच्या देवळापाशी तो पोचला आणि थबकला. इथला बाण त्याने सरळ डोंगराकडे काढला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. समोरचा बाण मात्र उजवीकडे, द्राक्षबागेतल्या बैलगाडीच्या वाटेकडे बोट दाखवत होता. रंगनाथचा स्वतःवर कधीच विश्वास नव्हता, त्यामुळे त्याने बाणावर विश्वास ठेवला. बागेतून गेला. बाग संपली तिथे बांधावर दुसरा बाण होता. तो डावीकडच्या बागेत शिरत होता. तिच्या टोकाला तिसरा. आणि तिसऱ्या बाणाच्या मागे गेल्यावर रंगनाथच्या समोर पुन्हा तेच पडकं देऊळ उभं राहिलं.

त्याने घाम पुसला आणि पुन्हा निघाला. पुन्हा देऊळ. आता तो मारुतीचं नाव घेत, एकेका बाणाला हात लावून निघाला. पुन्हा देऊळच. सूर्य डोक्यावर आला होता. भर दुपारी बाराच्या सुमाराला ओसाड देवळापाशी चकवा लागतो, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो आणि दमून मरतो, असं त्याची आई सांगायची. चकव्याने पाहुण्यांना आधीच नेलं असणार! चार जर्मन गेले, ऑर्डर गेली, आता आपण. एवढ्यात बागेत काहीतरी खसफसलं, आणि गेल्याच महिन्यात याच बाजूला बिबट्या दिसल्याचं त्याला आठवलं.

चकव्यावर उतारा एकच, अंगातले कपडे उलटे करून घालायचे. रंगनाथने घाईघाईने शर्ट उलटा केला. खसफस आणखी जवळ आली. शर्टाने भागलं नाही तर काय, म्हणून त्याने पँटलाही हात घातला. एक पाय बाहेर आणि एक पाय आत, अशा अवस्थेत तो एका पायावर उड्या मारत असताना बागेतून दहाबारा माणसं काठ्या घेऊन बाहेर पडली.

"हाच त्यो! काल फक्की मारीत फिरत व्हता!" पुढचा मिशीवाला ओरडला. तो गोटीराम, उजवीकडच्या बागेचा मालक.

"पळून चाललाय, पँट बदलून!" मागून वाल्मीक म्हणाला. तो डावीकडच्या बागेचा मालक, गोटीरामचा चुलतभाऊ. एका बांधावरून दोघांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

रंगनाथला मारुतीच्या पारावर नेऊन बसवलं.

"कुठून आला तू?"

"अं... अंबडहून."

"बघा!" गोटीराम म्हणाला. "माझ्या आत्याची अंबडची जमीन अशीच कारखान्यात गेली. आधी फक्की आली, मागून मोजणी, मागून नोटीस. कंपनी काढताय का रस्ता?"

"नाही हो! ते बाण सायकलसाठी..."

"सायकल चालवाया बाण लागत्यात व्हय?" वाल्मीक म्हणाला. "आम्ही रोज दूध घालाया नाशकाला जातो. आमच्या सायकलीनं कधी इचारलं नाय, कुठं जायचं म्हून."

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. पहाटे आपल्या बांधावर बाण बघून गोटीरामचं धाबं दणाणलं होतं. रस्ता जाणारच असेल, तर तो वाल्मीकच्या बागेतून जाऊ दे, अशा विचाराने त्याने बाण पुसून तिकडे वळवला. वाल्मीकने तो बघितला आणि देवळापासचा व आपल्या बागेच्या टोकाचा असे दोन्ही बाण गोटीरामच्या बागेकडे फिरवले. दोघांनी मिळून, एकमेकांशी एक शब्द न बोलता, रंगनाथसाठी चकवा तयार केला होता.

"आणि माझे पाहुणे?" रंगनाथने रडवेल्या आवाजात विचारलं.

"त्ये मोठे साहेब ना?" गोटीरामची बायको कुसाबाई पदर सावरत पुढे आली. "आमच्या वट्यावर हायेत. म्हटलं, पोटभर जेवले तर रस्ता वाल्मीकभावजींकडून नेतील. पिठलं-भाकरी वाढली. लय घाम आला त्यांना, पण ठेचा मागून मागून खाल्ला."

"आमच्या घरून मनुका गेल्या त्यांना, त्येबी सांग," वाल्मीक घाईघाईने म्हणाला.

पाहुणे जिवंत आहेत हे ऐकून रंगनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काठ्या अजून खाली गेल्या नव्हत्या.

"आण घे," गोटीराम म्हणाला. "मारुतीसमोर."

"घेतो, घेतो!" भीतीने माणसाची जीभ फार उदार होते. रंगनाथने शेंदराला हात लावला. "या गावात फक्की दिसली, की समजा ती सायकलवाल्यांचीच. दुसरी कुणाची नाही. कधीच नाही. मारुतीची आण!"

तेवढ्यात पाहुण्यांना शोधत सबनीस साहेबांची गाडी आली. उलटा शर्ट घातलेला रंगनाथ त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडून मोकळा झाला. पण पाहुणे साहेबांचा हात सोडायला तयार नव्हते. बागेतून गोल गोल फिरवणारी ती वाट, अचानक लागलेलं ते घर, ते जेवण! इतका विचार करून आखलेली सहल आपण उभ्या आयुष्यात केली नाही, असं ते सांगत होते.

"शाब्बास, रंगनाथ," साहेब म्हणाले. "तू तर छुपा रुस्तम निघालास!"

सोमवारी सही झाली. सविताने शेजारी पेढे वाटले. कायमच्या नोकरीबरोबर दरवर्षीची सायकल सहलही रंगनाथच्या गळ्यात कायमची पडली.

पुढच्या फेब्रुवारीत तो फक्कीची गोणी घेऊन देवदरीला गेला, तेव्हा पारावर गोटीराम आणि वाल्मीक शेजारी शेजारी तंबाखू मळत बसले होते. रंगनाथला बघताच दोघेही हसत उठले.

"या, या! पण उशीर केला तुम्ही. तुमची माणसं परवाच फक्की मारून गेली की."

"माझी माणसं?" रंगनाथने गोणी छातीशी धरली.

"व्हय. जीपमधनं आली व्हती. तीन पायांचं यंत्र व्हतं संगं, त्यातनं एका डोळ्यानं बघत व्हते. आधी जरा बिचकत व्हते, काठ्या बघून. आम्ही म्हटलं, भिऊ नका, आपलंच गाव समजा. कुसानं जेवू घातलं. वाल्मीकनं तर सोता फक्कीची गोणी धरली."

"यंदा बाण नाय काढले त्यांनी," वाल्मीक कौतुकाने म्हणाला. "नुसत्या सरळ रेघा. पर आम्ही एकीलाबी हात लावला नाय. तुम्ही आण घेतली हाय ना मारुतीची!"

रंगनाथने वळून बघितलं. डोंगराकडून दोन पांढऱ्या रेघा खाली उतरल्या होत्या. गोटीरामच्या बागेतून त्या सरळ आल्या होत्या, भांडणाचा तो बांध त्यांनी मधोमध ओलांडला होता आणि वाल्मीकच्या बागेतून त्या नाशिकच्या दिशेने निघून गेल्या होत्या. त्यांची रुंदी सायकलीपुरती खासच नव्हती. डोक्यावर बाराचं ऊन होतं.

त्याने गोणी खाली ठेवली आणि शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली.

"काय वं, गरम व्हतंय का?" गोटीरामने आपुलकीने विचारलं.

रंगनाथने शर्ट काढला, उलटा केला आणि पुन्हा अंगात घातला. मग डोळे गच्च मिटून घेतले, मारुतीचं नाव घेतलं आणि हळूच एक डोळा उघडून बघितलं.

रेघा जिथल्या तिथेच होत्या.