शनिवारची संकष्टी

गोपीनाथ भोईरने दारू सोडली त्याला त्या शनिवारी वर्ष झालं, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी लोपीससाहेब बैठक बंद करता येईल का ते बघायला आले.

बैठक भरायची डोंबिवलीतल्या एका चर्चच्या मागच्या हॉलात. दर शनिवारी सहा वाजता दारू सोडलेली आठ माणसं खुर्च्या गोल मांडून बसायची आणि आठवडा कसा काढला ते एकमेकांना सांगायची. सात जण कोपर आणि आसपासच्या गावांतले आगरी, ख्रिस्ती एकटा पास्कू. फादरांनी हॉलची किल्ली त्यांच्या हवाली केली होती. चहा आणायच्या इस्तेलबाय. त्यांचा नवरा दारूपायी गेला होता. त्याला असं कुणी बसवून घेतलं नाही, एवढंच त्या म्हणायच्या आणि कप भरायला लागायच्या.

लोपीससाहेब चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. रंगाच्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. जन्मात त्यांनी थेंब घेतला नव्हता आणि ज्यांनी घेतला त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. हॉल लग्नांना लागतो, शिवाय बेवड्यांचा नेम काय, आज सोडतात नि उद्या धरतात, असं त्यांनी कमिटीत मांडलं होतं. एकदा डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा, अशी फादरांनी गळ घातली, म्हणून ते फादरांबरोबर आले. मागच्या खुर्चीत बसले, मांडीवर वही उघडली आणि पेनचं टोपण काढून ठेवलं.

गोपीनाथची बायको मंजुळा पहिल्यांदाच आली होती. वर्षाचं कौतुक म्हणून इस्तेलबायनी खास केक केला होता, नाताळात करतात तसला काळा आणि जड. त्यांनी डबा उघडला, सुरी फिरवली आणि एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत गेल्या. एक बशी लोपीससाहेबांनाही गेली. गोपीनाथ आपला तुकडा धरून जरा थांबला, मग मंजुळाकडे वळला.

"पयला घास तुजा," तो म्हणाला.

टाळ्या झाल्या. मंजुळाने लाजत घास घेतला, दोनदा चावला आणि तिचा जबडा जागच्या जागी थांबला.

रम होती. चौदा वर्षं हा वास रात्री दारातून आत येताना तिने ओळखला होता. केकातले मनुके गणपतीपासून रममध्ये मुरत पडले होते, पण इस्तेलबायच्या लेखी ती दारू नव्हतीच. जायफळासारखाच तोही एक मसाला होता.

मंजुळाने घास कसाबसा गिळला. खरं बोलावं तर इस्तेलबाय शरमेने परत या हॉलात पाऊल टाकणार नाहीत, आणि लोपीससाहेबांच्या वहीत ते पहिल्या ओळीवर जाईल. गप्प बसावं तर ही आठ माणसं. पहिला घोटच माणसाला ओढून नेतो, हे गोपीनाथनेच तिला सांगितलं होतं. समोर बसलेल्या नाथा पाटलाचा तुकडा त्याच्या तोंडापासून चार बोटांवर पोचला होता.

"थांबा," ती म्हणाली. "आज संकष्टी हाय. अंडं घातलेला कसा खाता?"

सगळे हात थांबले. नाथा दुपारीच बोंबील खाऊन आला होता. त्याने मनातल्या मनात वार मोजले.

"वयनी, संकष्टी गुरवारी झाली ना?"

मागे लोपीससाहेबांचं पेन वर आलं. गोपीनाथ नाथाकडे एकटक बघत हळू आवाजात म्हणाला, "मंजुला सांगते ना, आज हाय. मंग आज हाय."

नाथाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातातल्या तुकड्याकडे, आणि नाक जरा खाली नेलं. त्याचा रंगच उतरला. जिवंत खेकडा पाटीत परत सोडावा तसा त्याने तो तुकडा बशीत ठेवला. मग शेजारच्याने ठेवला, मग त्याच्या शेजारच्याने. उरला पास्कू. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मी पन धरतो," तो पुटपुटला. "संकष्टी."

लोपीससाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. फादर खोकले आणि म्हणाले की पास्कूला नाताळाआधीचा उपास म्हणायचंय, हल्ली कुणी पाळत नाही तो.

इस्तेलबायचं तोंड एवढंसं झालं होतं. पण त्यांचं आयुष्य हिंदू शेजाऱ्यांत गेलेलं, त्यांना संकष्टीचं सगळं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, उद्या खा, मी प्रत्येकाला बांधून देते. आणि त्यांनी वर्तमानपत्राचे तुकडे करायला घेतले. आठ माणसं आठ वाटांनी घरी जाणार आणि प्रत्येकाच्या खिशात ती पुडी. मंजुळाला पुढे काही सुचेना. लागोपाठ दोन दिवस संकष्टी कशी सांगायची?

"बांधायची गरज नाही," मागून आवाज आला.

लोपीससाहेब उभे होते. बशी रिकामी होती. मघापासून ते स्वतः उठून डब्यातून दोनदा वाढून घेऊन गेले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते आणि वही खाली पडली होती.

"मला वाटायचं, या लोकांना ताबा नसतो," ते म्हणाले. "आज आठ जणांनी ओठाशी नेलेला घास एका बाईच्या शब्दावर खाली ठेवला. असला केक! मला नाही ठेवता आला."

शनिवारच काय, बुधवारीही हॉल तुमचा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. बशांतले तुकडे डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा काखेला मारून ते गुणगुणत निघाले. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला, पण फादरांनी धरलं. रमचा वास फादरांनाही आला होता; इस्तेलबायना काय ते नंतर सवडीने सांगायचं त्यांनी मंजुळाकडे कबूल केलं.

फाटकाबाहेर आल्यावर मंजुळाने गोपीनाथला रमचं सांगितलं. तो शांतपणे चालत होता.

"डबा उघरला तवाच कललं मना," तो म्हणाला. "मी बोललो असतो तं सगले म्हनले असते, याला अजून तोच वास येतो. म्हनून पयला घास तुला दिला."

"आनि मना नसतं कललं तं?"

"चौदा वर्सं माजं तोंड हुंगलंस तू."

थोडं पुढे गेल्यावर मंजुळा थांबली.

"हात धर जरा," ती म्हणाली. "माजं डोकं हलकं झालंय."

गोपीनाथने तिचा हात धरला आणि दोघं कोपरच्या वाटेला लागले.