दोन्ही बाह्या डाव्या

शिंप्याच्या दुकानात कापड बेतायला ती नवीन लागली आणि त्याच आठवड्यात तिच्या हातून चूक झाली. एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या बेतल्या गेल्या. कापडाची घडी चुकीची पडली, इतकंच. पण काखेत कुबडी घेऊन दिवसभर टेबलाशी उभ्या राहणाऱ्या मुलीला बोलायचं कसं? मास्तरांनी बाह्या तशाच ओढूनताणून जोडल्या.

गिऱ्हाइकाने शर्ट घातला, तर उजवा हात खांद्यात अडकला. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात कुबडीकडे नजर गेली.

"छान बसलाय," म्हणत तो हात वाकडा धरून निघून गेला.

तिला वाटलं, आपल्याला जमलं. पुढचं काम बँडवाल्यांचं होतं, अख्ख्या ताफ्याचे लाल कोट. तिने त्याच घडीने सगळे बेतले. मास्तरांनी कपाळाला हात लावला, तोंडाने मात्र "शाब्बास" म्हणत तेही शिवले.

बँडचा म्होरक्या कोट घालून बघायला आला. ट्रम्पेट काही तोंडापर्यंत जाईना. त्यानेही कुबडी पाहिली.

"हरकत नाही," तो घाम पुसत म्हणाला. "आम्ही मान खाली घालून वाजवू."

आता तिला शंका आली. बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. सगळ्या डाव्याच.

"मास्तर, तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"तुला वाईट वाटलं असतं, पोरी."

आधीच्या दुकानातही तिला कुणी कधी बोललं नव्हतं. मग एक दिवस तितक्याच मायेने, 'दगदग होते तुला, घरीच बस,' म्हणून निरोप दिला होता.

तेवढ्यात मास्तरांची बायको, काजंबटणं करणाऱ्या काकू, आतून आल्या.

"कुणी बेतलेत हे? लक्ष कुठे होतं तुझं? सगळं उसव. उरलेल्या कापडातून उजव्या बाह्या काढ. त्याशिवाय घरी जायचं नाही."

"हो, काकू." तिने डोळे पुसले आणि खडू उचलला. हात कसा हलका झाला होता.

काकू नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? जन्म गेला शिवण्यात, आणि हे शिवलंत?"

तिला राहवेना.

"जाऊ द्या, काकू. बिचाऱ्यांचं वय झालंय."

"वय?" मास्तर ताडकन उठले. "माझी कीव करतेस?"

ती कुबडीवर रेलून नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तर हळूच खाली बसले. एक कोट पुढ्यात ओढून उसवायला लागले. दोरा ओढता ओढता पुटपुटले,

"घडी नीट बघून घाल गं. पुन्हा चुकलीस तर बोलेन मी."