शिर्के काकांचा पडता

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्याआधी घरात कोणी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. त्यात माझी मराठी इंदूरची, म्हणजे वाक्य मराठीत निघतं आणि पोचेपर्यंत हिंदी होतं. अशा मुलाने मोठ्या माणसाबद्दल लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण शिर्के काकांबद्दल दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून लिहितो.

शिर्के काका दर रविवारी दुपारी अडीच वाजता लोकांना फोन करतात. त्या वेळी सगळं इंदूर दाल-बाफले खाऊन आडवं झालेलं असतं. काका मात्र राजेंद्र नगरच्या आपल्या घरात टेबलाशी ताठ बसून नंबर लावतात. पलीकडून झोपेतला आवाज आला की विचारतात, "हैं क्या?" पलीकडचा म्हणतो, "हैं।" काका फोन ठेवतात. पुढचा नंबर लावतात.

हे फोन नातेवाइकांना नसतात. काका सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात खरेदीचं काम बघतात. खोकी, चिकटपट्टी, शेवेची पाकिटं कापणारी पोलादी पाती, जे काही लागेल ते कोणाकडून घ्यायचं हे काका ठरवतात. आणि ज्याच्याकडून घ्यायचं, त्याची परीक्षा रविवारी होते.

"सोमवारी अकरा वाजता तर सगळेच उचलतात रे," ते मला म्हणाले होते. "मशीन काय सोमवारचा मुहूर्त बघून बंद पडते? लगातार तीन रविवार ज्याने उचलला नाही, तो कट."

कट म्हणजे यादीतल्या नावावर लाल रेघ. ती एकदा ओढली की सुनावणी नाही. एका खोकीवाल्याने सत्यनारायणाच्या पूजेत बसलो होतो असं सांगून पाहिलं. काका म्हणाले, "तीन रविवार?"

मी त्यांच्याकडे गेलो तो कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. दोन महिने कारखान्यात बसून 'पुरवठादाराची निवड' या विषयावर रिपोर्ट लिहायचा होता. काका आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, म्हणून बाबांनी त्यांना हात जोडून विचारलं. पहिल्या दिवशी मी उत्साहाने चार जणांचे भाव एका कागदावर मांडून नेले. काकांनी कागद उलटा करून ठेवला.

"भाव नको सांगू. पडता सांग."

पडता हा आमच्याकडच्या बाजारातला शब्द. वस्तू घेतल्यापासून मोडीत जाईपर्यंत तिच्यापायी एकूण काय काय गेलं, तो तिचा पडता. मला हे समजेना, तेव्हा काकांनी पँट वर करून मोजे दाखवले.

"हे राजवाड्याच्या बाजारातून स्वस्तात आणलेले. आठ दिवसांत इलास्टिक गेलं. आता दिवसातून चाळीस वेळा वाकून वर ओढतो. मोज्याचा भाव कमी होता, कबूल. पण वाकायचा भाव कोण देणार, तुझा बाप?"

मी नाही म्हणालो. काकांनी मोजा वर ओढला. "एकेचाळीस."

पण ते मोजे त्यांनी टाकले नाहीत. माणसाला आपली चूक रोज पायात दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पुरवठादाराच्या कारखान्यात गेले की मालक चहा, काजू-कतली, भिंतीवरची सर्टिफिकेटं पुढे करतो. काका आधी मागच्या अंगणात जाऊन भंगार बघतात. किती माल बिघडून पडलाय, ते तिथे दिसतं. मग कारागिरांकडे जातात आणि बसायला काय आहे ते बघतात. एकदा एका मोठ्या पार्टीकडून ते पाच मिनिटांत बाहेर आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "जो आपल्या कारागिराला स्टूल देत नाही, तो मला सरळ पातं देणार?"

त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेसाठी घोडे खरेदी करायचे. काका सांगतात, बाकीचे लोक घोड्याचे दात बघायचे, पणजोबा घोड्याला सांभाळणारा माणूस बघायचे. हे खरं की काकांनी रचलेलं, मला माहीत नाही. पण सांगताना ते नेहमी उभे राहतात.

कारखान्याचे मालक बडे सेठ. त्यांचा मुलगा अंकुर भिया बाहेरून शिकून आलाय आणि त्याला पडता पटत नाही. मागच्या वर्षी त्याने काका सुट्टीवर असताना स्वस्त चिकटपट्टी घेतली. उन्हात ट्रकमध्ये ती सुटली आणि भोपाळला माल पोचला तेव्हा खोकी एकीकडे, पाकिटं एकीकडे, आणि हम्माल शेवेवर उभे राहून शेव खात होते. काकांनी परत आल्यावर त्या पट्टीचा रिकामा रोल अंकुर भियाच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला. तो अजून तिथेच आहे.

आता माझी चूक सांगतो.

पाकिटं कापणारी पाती आमच्याकडे देवासचे मंगलजी देतात. स्वतःची छोटी वर्कशॉप, बावीस वर्षांपासूनचा माल. मंगलजींचा भाव सगळ्यांत जास्त, पण पातं महिनाभर चालतं आणि पाकीट कापताना आवाजसुद्धा येत नाही. माझ्या रिपोर्टात मी हे सगळं लिहिलं. मग प्रामाणिकपणाच्या भरात काकांचा रविवारचा नियमही लिहिला आणि खाली टीप टाकली: मंगलजींनी मागचे तीन रविवार फोन उचललेला नाही.

हे मी काकांच्या वहीत बघितलं होतं. मंगलजींपुढे तीन फुल्या होत्या, लाल रेघ नव्हती. मला वाटलं, राहून गेली असेल.

रिपोर्टाची एक प्रत अंकुर भियाकडे गेली.

वर्षाची ऑर्डर सोमवारी द्यायची होती. शुक्रवारी अंकुर भियाने काकांना बोलावलं. मी पण होतो. तो अगदी अदबीने बोलला, हेच वाईट.

"काकाजी, गुजरात की पार्टी आधे भाव में दे रही है।"

"भिया, पडता—"

"पडता ही बोल रहा हूँ। मंगलजी बूढ़े हो गए। बीच साल में दुकान बंद कर दी तो मशीनें कौन चलाएगा? ये भी तो पडते में आता है ना? और आपका ही रूल है।" त्याने माझा रिपोर्ट पुढे सरकवला. टिपेवर पिवळा पट्टा मारलेला होता.

काका टिपेकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"सोमवार सकाळपर्यंत वेळ द्या," ते म्हणाले.

स्कूटरवर परतताना मी म्हणालो, "काका, सॉरी. देवासला जाऊन येऊ या का? तासाभराचा तर रस्ता."

"पेट्रोल, अर्धा दिवस, वरून..." ते मोजायला लागले आणि मधेच थांबले. काकांचा हिशेब अर्धवट राहिलेला मी पहिल्यांदा बघितला. लालबागपाशी सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "वर्कशॉपचा फोन मुलगा उचलतो. रोज म्हणतो, पिताजी बाहर गए हैं। बावीस वर्षांत तो माणूस कधी बाहर गेला नाही. जाऊन काय बघू? जे असेल ते दिसेल ना."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले तरी स्कूटर थोडा वेळ तिथेच होती.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. माफी नीट मागायची होती. काकी जाऊन चार वर्षं झाली, मुलगा कॅनडात. टेबलावर वही, फोन आणि झाकून ठेवलेलं एक ताट. काकांनी पांढरा धुतलेला शर्ट घातला होता. अडीच वाजता त्यांनी बाकी कोणालाच नाही, सरळ मंगलजींचा मोबाइल लावला. घंटी वाजत राहिली. बंद झाली. त्यांनी चौथी फुली मारली.

"काका, तुम्ही त्यांच्याशी बोलता तरी काय?"

"काही नाही. हैं क्या? हैं।" त्यांनी वही मिटली. "काकी गेली तो पण रविवारच होता. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले. अडीच वाजले, तर हात आपोआप फोनकडे गेला. म्हटलं, हैं क्या? तो म्हणाला, हैं। मी काही सांगितलं नाही. पण त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. बराच वेळ मागे त्याची मशीन चालू होती, ती ऐकत बसलो." मग माझ्याकडे बघून एकदम रागावले. "हे रिपोर्टात नको घालू."

मी मान हलवली. उद्या लाल रेघ ओढावी लागणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी ताटाकडे बघितलं. ते अजून झाकलेलंच होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी नाव बघितलं आणि उभेच राहिले. स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. पलीकडून कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला.

"शिर्के साब... हैं क्या?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूने कोणी विचारलं होतं.

"हैं," ते म्हणाले.

"गले का ऑपरेशन था साब। गाँठ थी, निकल गई, सब ठीक है। डॉक्टर ने महीना भर बोलने को मना किया था। अभी-अभी बोलने की छूट मिली, पहला फोन आपको।" श्वास घ्यायला ते थांबले. "संडे को घंटी बजती थी, तो मैं सामने बैठा देखता रहता था। उठाता तो बोलता क्या? बेटे को भी नहीं उठाने दिया। वो बीमारी बोल देता, तो आप सोचते मंगल गया।"

काका खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आवाज चढवला.

"चार संडे हुए, मंगलजी! रूल तीन का है। रूल के हिसाब से आप कट चुके।"

मग तो बारीक आवाज घाबरत म्हणाला, "काट दिया क्या, साब?"

"नहीं," काका म्हणाले. "लाल पेन नहीं मिल रिया था।"

लाल पेन त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला लावलेलं होतं.