वरिष्ठ लिपिक मालती देवरे

मालती अक्कांच्या डावीकडे बसणाऱ्याला दर ओळीला एक चापट मिळायची. त्यात राग नसायचा. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडा ढकलून गाडा मागे आणावा लागतो, आणि अक्का टायपिंग शिकल्या त्या त्याच यंत्रावर. कॉम्प्युटरला दांडा नसतो हे त्यांच्या डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. ओळ संपली की हात उठायचा आणि सपकन शेजारणीच्या दंडावर. लगेच, नजर न हलवता, "सॉरी गं." पंधरा ओळींचं पत्र असलं की पंधरा चापट्या आणि पंधरा वेळा सॉरी.

जळगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यामुळे ती डावीकडची खुर्ची कायम रिकामी असायची. मी असोद्याहून बसने येणारी, रोज दहा मिनिटं उशिरा, म्हणून तीच खुर्ची माझ्या वाट्याला आली. माझं वय तेव्हा एकोणतीस, शिक्षण बी.ए., आणि दोन ऑफिसांच्या कॉम्प्युटर परीक्षांत मी नापास झालेली. घरी आईने माझ्याकडे बघून सुस्कारे टाकण्याची वेळ ठरवून घेतली होती, सकाळी आणि संध्याकाळी.

अक्का एक्कावन्न वर्षांच्या. क्लासमधल्या बाकी मुली विशीतल्या. त्यांना वाटायचं, ही कोणाची तरी आई, पोरीला सोडायला आली आणि बसून राहिली. पण अक्कांच्या पिशवीत मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र असायचं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं. तरुणपणी धुळ्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्या पहिल्या आल्या होत्या. एका ऑफिसातून बोलावणंही आलं होतं. तेवढ्यात वहिनी गेल्या. भाऊ दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला, पदरात दोन लहान लेकरं. अक्का सहा महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेल्या आणि अठ्ठावीस वर्षं राहिल्या. लग्न राहूनच गेलं. लेकरं मोठी होऊन लांब गेली, भाऊ निवृत्त झाला, जळगावला घर घेतलं आणि दोन वर्षांत तोही गेला. घर अक्कांच्या नावावर, खाण्यापिण्याची ददात नाही. तरी त्या रोज पेपर घेऊन "वयाची अट नाही" असं छापलेली प्रत्येक जाहिरात कापून ठेवायच्या.

"अक्का, आता कशाला नोकरी?" मी एकदा विचारलं.

"बोटं मोकळी बसली की भांडतात," त्या म्हणाल्या.

त्यांची बोली धुळ्याची. क्लासमध्ये त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या, पण मधूनच गावाकडचं निसटायचं. पत्र पूर्ण झालं की स्वतःलाच शाबासकी द्यायच्या, "बठ्ठं बरोबर शे!" सगळं बरोबर आहे. ते बरोबर आहे हे त्यांना कसं कळायचं, हे मात्र कोडं होतं, कारण टाइप करताना त्या स्क्रीनकडे बघतच नसत. इन्स्टिट्यूटमधल्या मास्तरांनी शिकवलं होतं, नजर कागदावर हवी. स्क्रीनकडे बघणं म्हणजे अक्कांच्या मते कॉपी करणं. मोह नको म्हणून त्या येताना एक पांढरा नॅपकिन आणायच्या आणि मॉनिटरवर पांघरायच्या, कोपऱ्यांना दोन चिमटे लावून. नवीन आलेल्या मुलींना वाटायचं, तो कॉम्प्युटर बिघडलाय.

शिवाय प्रत्येक वाक्यानंतर सेव्ह. "जपून ठेवलेलं बरं," म्हणायच्या. एक्सेलच्या वेळी मात्र नॅपकिन काढावा लागायचा; तेव्हा एक्सेलने केलेली बेरीज त्या बोटांवर परत करून पाहायच्या, आणि जुळली की मशीनकडे बघून मान डोलवायच्या, हुशार विद्यार्थ्याकडे बघावं तशी. तास संपला की कॉम्प्युटर बंद करताना हळूच म्हणायच्या, "येते हं." पोरी हसायच्या. मीही हसायचे. पण मी हसले तरी मला त्या डब्यातली भाजी द्यायच्याच, वांग्याचं भरीत असलं तर जास्त.

मग ती जाहिरात आली. धुळ्याच्या एका शिक्षण संस्थेला ऑफिसात एक कनिष्ठ लिपिक हवा होता. वयाची अट नाही. संगणक कौशल्य चाचणी आवश्यक. जागा एक. अक्कांनी कात्रणाच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक मला दिली.

"अक्का, जागा एकच आहे," मी म्हटलं.

"मग? दोघी जाऊ. बसमध्ये बोलायला कोणी तरी पाहिजे."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी टायपिंगचे कॉम्प्युटरवर दोन कळफलक चालतात. एक जुना, टाइपरायटरवरचा. दुसरा नवा, आमच्या वेळच्या मुलामुलींना शिकवतात तो. बोट तेच, कळ तीच, पण एकीकडे जिथे "क" उमटतो तिथे दुसरीकडे भलतंच अक्षर येतं. सुरू करण्याआधी आपल्याला हवा तो निवडून घ्यायचा असतो. क्लासमध्ये अक्कांच्या मशीनवर सर स्वतःच जुना लावून ठेवायचे. त्यामुळे तो निवडावा लागतो, हे अक्कांच्या कानावरून कधी गेलं असेल, हातावरून गेलं नव्हतं.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये आम्ही बावीस जण होतो. नंबर लागोपाठ, म्हणून माझी खुर्ची अक्कांच्या शेजारीच आली, नशिबाने या वेळी उजवीकडे. परीक्षक तरुण होते. त्यांनी सांगितलं, "वरच्या कोपऱ्यातून आपापला कळफलक निवडून घ्या. घंटा झाल्यावर बोलायचं नाही." ते हे सांगत होते तेव्हा अक्का नॅपकिनचा दुसरा चिमटा शोधत होत्या. चिमटा सापडला. नॅपकिन पडायच्या आत मला त्यांच्या स्क्रीनचा वरचा कोपरा दिसला. नवा कळफलक होता.

मला दिसला. घंटा व्हायला अजून वेळ होता. "अक्का, कळफलक," एवढे दोन शब्द पुरले असते. मी मान वळवली, अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि मी मान परत फिरवली. मग घंटा झाली. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की बोलायला बंदी होती. बंदी घंटेनंतर होती. घंटेच्या आधी फक्त जागा एक होती.

अक्का सुटल्या. काय तो वेग! हॉलमधले सगळे वळून बघायला लागले. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज, आणि ओळ संपली की डावा हात हवेत. डावीकडच्या गृहस्थांनी दोन चापट्या खाल्ल्या आणि खुर्ची सरकवून घेतली. दहा मिनिटं झाली. परीक्षक तपासत तपासत आले, त्यांनी चिमटे काढून नॅपकिन उचलला आणि स्क्रीनकडे बघतच राहिले.

"बाई, ही कोणती भाषा?"

अक्कांनी पहिल्यांदा स्क्रीनकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत दाट मजकूर होता आणि त्यात एकही शब्द नव्हता. त्या चष्मा पुसून पुन्हा बघायला लागल्या.

"स्पीड किती आली?" त्यांनी विचारलं.

"स्पीड... पंचेचाळीस. पण शुद्ध एकही नाही."

"पंचेचाळीस," अक्का म्हणाल्या. "पूर्वी चाळीस होती." नॅपकिनची नीट घडी करून त्या उठल्या.

टायपिंगमध्ये पास होणाऱ्यांनी पुढे पत्र आणि एक्सेलसाठी थांबायचं होतं. मी थांबले. दोन तासांनी बाहेर आले तर अक्का व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, डबा मांडीवर, न उघडलेला. "एकटीने काय खायचं," म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली. पारोळ्यापर्यंत आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. एरंडोलपर्यंत त्या माझ्या पेपरबद्दल विचारत राहिल्या. पत्रात विषय लिहिला का, खाली सहीला जागा सोडली का. स्वतःच्या पेपरबद्दल एक अक्षर नाही. मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसले.

नोकरी मला लागली.

रुजू व्हायच्या दिवशी अक्का मला पोचवायला धुळ्याला आल्या. नको म्हटलं तरी आल्या. आईने फोनवर सांगितलं होतं म्हणे, पोरगी पहिल्यांदाच एकटी राहणार. माझी खोली बघितली, नळाला पाणी किती वाजता येतं ते घरमालकिणीला विचारून घेतलं, केळीच्या वेफर्सचं पाकीट फळीवर ठेवलं. निघताना पिशवीतून पेन ड्राइव्ह काढून दिला. "यात पत्रांचे नमुने आहेत. सगळ्या प्रकारचे. तुला उपयोगी पडतील. मला आता कसाले?"

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एक पत्र करायला सांगितलं, तेव्हा मी तो पेन ड्राइव्ह लावला. स्मरणपत्र, निविदा, पोच, सगळं शिस्तीत होतं. आणि एक फोल्डर होतं, "रजा".

आत एकतीस अर्ज. पहिला वाचून मला हसू आलं. "घरी पाहुणे येणार असल्याने उद्या अर्धा दिवस रजा मिळावी." नोकरी लागायच्या आधीच रजा! पुढे वाचत गेले. धाकट्या जावेचं डोहाळजेवण. मुलाची दहावीची परीक्षा. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. एका अर्जात लिहिलं होतं, "नणंदेशी बोलाचाली झाल्याने मन लागत नाही, तरी एक दिवसाची रजा मंजूर व्हावी." खाली सही, "आपली विश्वासू, मालती देवरे, कनिष्ठ लिपिक." पंधराव्या अर्जानंतर त्यांनी स्वतःला बढतीही दिली होती. तिथून पुढे सगळीकडे, "वरिष्ठ लिपिक."

मी मोठ्याने हसत होते, आणि हसता हसता थांबले. अक्कांना ना जाऊ, ना मुलगा, ना भांडायला नणंद.

एकतिसावा अर्ज परीक्षेचा निकाल आल्यानंतरचा होता. "माझी भाची कु. वैशाली कोल्हे हिला धुळे येथे नोकरी लागली असून तिला पोचवण्यासाठी जायचे असल्याने एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती."

वैशाली कोल्हे म्हणजे मी. भाचीचं नातं अक्कांनी जोडलेलं, पण एवढ्या सगळ्या अर्जांत कारण खरं असलेला हा एकच.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "येऊन आठ दिवस नाही झाले. एवढं काय काम निघालं?"

"लिहिलंय सर," मी म्हटलं. त्यांनी वाचलं, जरा विचार केला, आणि सही केली.

त्याच्या पुढच्या दिवशी जळगावला पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अक्कांनी दार उघडलं. हातात पेपर, कात्री.

"तू? आज कामले नही गई?"

"रजा टाकली."

"आठ दिवसांत?" त्या घाबरल्याच. "कारण काय लिहिलं?"

"मावशीकडे जाणे आहे."

अक्कांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "मावशीकडे नाही लिहायचं. मावशी यांच्याकडे. ऑफिसच्या कागदात आदर पाहिजे."

मी चपला न काढता उंबऱ्यातच उभी होते. बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले आणि एकदम बोलून टाकलं, "अक्का, त्या दिवशी मला दिसलं होतं. कळफलक चुकीचा होता. मला सांगता आलं असतं."

"माले ठाऊक शे," अक्का म्हणाल्या. "तू इकडे बघितलंस आणि मान फिरवलीस. घरी आल्यावर मी विचार केला, हिने का फिरवली असेल. तेव्हा कळलं."

"मग तुम्ही मला पोचवायला का आलात?"

त्यांनी कात्री पेपरावर ठेवली. पेपराची घडी घालायला त्यांना फार वेळ लागला.

"रजा किती दिवसांची टाकलीस?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मग उभी कसाले? बस ना."