अडीच तासांचं विमान

हिशेबात मला कोणी हरवून दाखवावं! निदान देशाच्या पार दक्षिण टोकाच्या आमच्या पुंता अरेनासमध्ये तरी.

सासूबाई राजधानीत, सांतियागोला राहतात. विमानाची त्यांना इतकी धास्ती, की नातू पाच महिन्यांचा झाला तरी त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. आई आली नाही तर आपण चर्चची पायरी चढणार नाही, असं बायकोनं, रोसाल्बानं, जाहीर करून टाकलं.

"किती वेळ लागतो हो?" सासूबाईंनी फोनवर विचारलं.

मी माझं गेल्या जूनचं तिकीट काढलं. इथून दहाला सुटलो, सांतियागोला साडेबाराला उतरलो. सरळ वजाबाकी!

"अडीच तास, सासूबाई!"

"माझे राजमे शिजायला तेवढेच लागतात. तेवढा वेळ जीव मुठीत धरते. पण वर एक मिनिट नाही हं!"

"नीबाल्डो, तू घड्याळांचं बघितलंस ना?" रोसाल्बा म्हणाली.

"गणित मला शिकवू नकोस!"

आता जूनमध्ये सांतियागोची घड्याळं आमच्यापेक्षा एक तास मागे असतात. आमच्याकडं जून म्हणजे हिवाळा. हिवाळ्यात तिथले लोक काटे मागे सरकवतात, आम्ही दक्षिणेकडचे नाही सरकवत. याचा आम्हाला कोण अभिमान! पण वजाबाकी करताना तोच तास नेमका माझ्या डोक्यातून गेला. खरा प्रवास साडेतीन तासांचा!

शनिवारी विमान उतरलं. सगळ्यात आधी सासूबाई बाहेर आल्या. एका बाजूनं हवाई सुंदरीनं धरलेलं, दुसऱ्या बाजूनं एका पाद्र्यानं. काखेत गजराचं घड्याळ.

"तुम्हीच का यांचे जावई?" सुंदरीनं दातओठ खात विचारलं.

झालं होतं असं, की सासूबाईंनी अडीच तासांचा गजर लावला होता. तो ढगांत खणाणला. बाई ताडकन उठल्या! "वेळ संपली! पायलट रस्ता चुकलाय! खाली नुसतं बर्फ आहे!" मागच्या रांगेत रडारड, पुढच्या रांगेत जपमाळा. पाद्रीबाबांनी तर तिघांचे कबुलीजबाबही उरकून घेतले.

सासूबाईंनी विमानतळाच्या भिंतीवर पाहिलं. दीड वाजला होता.

"नऊला निघाले! साडेचार तास, जावईबापू?"

"अहो, ते घड्याळामुळं! तसे साडेतीनच. आणि परत जाताना बघा, अडीचच दिसतील!"

"येताना साडेचार, जाताना अडीच? उतार लागतो वाटतं?"

"तसं नाही हो..."

"नकाशात आम्ही वर, तुम्ही खाली. उतार मला येताना लागायला हवा होता! मला वेडी समजता?"

रोसाल्बा हसून हसून भिंतीला टेकली. माझी बाजू घ्यायला कोणी नाही. पाद्रीबाबासुद्धा माझ्याकडं पापी माणसाकडं बघावं तसे बघत होते.

बाप्तिस्मा मात्र झकास झाला. नातवाला कुशीत घेऊन सासूबाई ढसाढसा रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

सोमवारी मी त्यांचं परतीचं तिकीट पुढं केलं. त्यांनी ते घडी घालून बाळाच्या डुगडुगत्या पाळण्याच्या पायाखाली सरकवलं.

"दोन्हीकडची घड्याळं जुळतात कधी?"

"सप्टेंबरात..."

"मग सप्टेंबरात जाईन. तोवर तुमची खोली माझी नि बाळाची."

आता मी बाहेरच्या कोचावर झोपतो. काल पाव आणायला निघालो, तर दारातच अडवलं.

"किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं, सासूबाई."

"कुठल्या घड्याळाची?"