किल्ली कुणाच्या गळ्यात

"हिवाळाभर झोपलेली मोटरसायकल उठवणं म्हणजे सासऱ्याला दुपारच्या झोपेतून उठवणं! घाई केली की लाथ बसते!"

एसेनकुल दर वसंतात हे नारीन शहरातल्या आपल्या अख्ख्या गल्लीला ऐकवायचा. पाच महिने त्याची साइडकारवाली मोटरसायकल शेडमध्ये कुलूपबंद असे आणि शेडची किल्ली त्याच्या गळ्यात. अंघोळीलासुद्धा ती उतरत नसे.

आज मात्र तो सकाळपासूनच धुमसत होता. दुपारच्या आत मुलीच्या सासरी, वरच्या गावात, पाळणा पोचवायचा होता. पाळणा बाळाच्या आईच्या माहेरचाच लागतो. तो येईपर्यंत नातू पाळण्याविना आणि पाहुणे जेवणाविना! त्यात व्याह्यांनी शरदात दिलेली पांढरी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची टोपी सापडत नव्हती. ती न घालता त्यांच्या दारात जायचं कसं?

"बुर्माकान! टोपी कुठे टाकलीस?" तो बायकोवर ओरडला.

"मी कशाला टाकू? तुमचा कागदही मीच हरवला म्हणे!"

"हरवलासच! वसंतात काय काय करायचं, सगळं लिहून ठेवलं होतं!"

"मग आठवा की. एवढी भाषणं देता!"

त्याने दात-ओठ खात ऑइल बदललं, नवं पेट्रोल भरलं, प्लग पुसला, बॅटरी चार्ज केली, टायरात हवा मारली. पाळणा साइडकारमध्ये बांधला. किक मारली. मोटरसायकल नुसती खोकली. चाळीस किका झाल्या. एसेनकुलचा चेहरा बीटासारखा झाला.

"उंदरांनी वायर खाल्ली असेल," बुर्माकान म्हणाली.

"उंदीर? माझ्या शेडमध्ये? मी बंदोबस्त केलाय!"

"काय केलाय?"

"केलाय म्हटलं ना!"

एवढ्यात घोडा फुरफुरला. व्याही सगिनअली स्वतःच दारात! "एसेनकुल, बाळ रडून निळं पडलंय! पाळणा आणताय की त्याच्या लाकडासाठी आधी झाड लावताय?"

"व्याहीबुवा, हिने टोपी हरवली, कागद हरवला, आता गाडीलाही हिचीच दृष्ट…" आणि संतापाच्या भरात त्याने एक्केचाळिसावी किक हाणली.

धडाम्!

सायलेन्सरमधून काहीतरी काळं तोफगोळ्यासारखं सुटलं आणि घोड्याच्या पुढ्यात पडलं. काजळीने माखलेली टोपी होती ती! कुणाचीही टोपी जमिनीवर पडलेली सगिनअलींना बघवेना. त्यांनी उतरून ती उचलली, झटकली, ओळखली. आतून घडी घातलेला कागद निघाला. त्यांनी तो मोठ्याने वाचला :

"वसंतात करायची कामं. पहिलं : उंदरांसाठी सायलेन्सरात कोंबलेला बोळा काढणे."

इंजिन मात्र आता अगदी सुरात बोलत होतं.

"शेडची किल्ली कुणाकडे असते हो?" बुर्माकानने गोड आवाजात विचारलं.

"त्या दिवशी तिथे अंधार होता," एसेनकुल पुटपुटला. "मऊ काहीतरी हाताला लागलं…"

सगिनअलींनी ती टोपी त्याच्या डोक्यावर कानापर्यंत दाबली. "अशीच घालून या. पाहुणे विचारतील. मी सांगेन!"

पाळणा वेळेत पोचला. वाटभर मोटरसायकल झकास चालली. एसेनकुल एक अक्षर बोलला नाही. तोंड उघडलं की टोपीतली काजळी आत यायची. मागे बुर्माकान ऐटीत बसली होती. किल्ली तिच्या गळ्यात होती.